सर्वांत महत्त्वाचा घटक कोणता? हापूसच्या बागा, कल्टारची मात्रा आणि रिग्रेशनमधले सहगुणक

देवगड तालुक्यातल्या हापूसच्या बागांवर संख्याशास्त्राचा प्रबंध लिहिणाऱ्या एका विद्यार्थिनीपुढे दोन प्रश्न होते. मार्गदर्शकांना निष्कर्षात एक ओळ हवी होती: उत्पादनावर परिणाम करणाऱ्या घटकांपैकी सर्वांत महत्त्वाचा घटक कोणता? तिचे काका स्वतः बागायतदार. त्यांनी विचारलं, “गो बाय, माका एवढाच सांग, कल्टार वाढवूक व्हया की फवारणी?” (कल्टार म्हणजे कलमाला मोहोर यावा म्हणून जमिनीतून देतात ते औषध.) ऐकायला दोन्ही प्रश्न एकाच जातीचे वाटतात, आणि एकाच मल्टिपल रिग्रेशनच्या (अनेक घटकांचं उत्पादनाशी असलेलं नातं एकाच वेळी मोजणाऱ्या पद्धतीच्या) तक्त्यातून दोघांचंही उत्तर मिळेल असं तिने गृहीत धरलं होतं. प्रत्यक्षात त्या तक्त्याने मार्गदर्शकांच्या प्रश्नाला तीन वेगवेगळी उत्तरं दिली आणि काकांच्या प्रश्नाला जवळजवळ एकही नाही.

हे प्रकरण वर्गात चर्चेला घेण्यासाठी रचलेलं आहे. त्यातले बागांचे आकडे मी हिशेब तंतोतंत जुळावा म्हणून बसवलेले आहेत, प्रत्यक्ष पाहणीतले नाहीत; ते आंब्याच्या उत्पादनाबद्दलचा पुरावा म्हणून कुठेही वापरू नयेत. कल्टारची शिफारस, तिच्यामागचं शास्त्र आणि संख्याशास्त्रातले संदर्भ मात्र खरे आहेत.

माहिती आणि पहिला तक्ता

८४ बागा. प्रत्येक बागेतली काही कलमं निवडून एका हंगामात कलमामागे सरासरी किती फळं उतरली ते मोजलं. सरासरी १८५ फळं, प्रमाण विचलन (सरासरीभोवतीच्या विखुरणीचं माप) ८०. कारणांच्या बाजूला तीन घटक घेतले: कलमाच्या विस्ताराचा व्यास (सरासरी ७.५ मीटर, प्रमाण विचलन १.५), कलमामागे दिलेलं कल्टार (सरासरी २२.५ मिली, प्रमाण विचलन ५) आणि हंगामातल्या फवारण्यांची संख्या (सरासरी ६, प्रमाण विचलन १.५). मॉडेलचा आर-स्क्वेअर ०.४४ आला. म्हणजे बागाबागांमधल्या उत्पादनातला ४४ टक्के चढउतार या तिघांनी मिळून टिपला. शेतावरच्या, एका हंगामाच्या माहितीसाठी हे वाईट नाही. खालच्या तक्त्यात सहगुणक म्हणजे बाकीचे दोन घटक तेवढेच असताना हा घटक एकाने वाढला तर फळांत दिसणारा फरक; अंतराल म्हणजे त्या फरकाच्या अनिश्चिततेचा पल्ला; बीटा म्हणजे तोच सहगुणक, पण घटक आणि फळं दोन्ही आपापल्या प्रमाण विचलनात मोजून; आणि साधा सहसंबंध म्हणजे बाकीच्या घटकांकडे न पाहता त्या घटकाचं फळांशी असलेलं नातं.

| घटक | सहगुणक (फळं) | ९५ टक्के अंतराल | बीटा | साधा सहसंबंध | आर-स्क्वेअरमध्ये स्वतःची भर |
|---|---|---|---|---|---|
| विस्तार, दर मीटरला | २०.५ | ०.१ ते ४०.९ | ०.३८ | ०.६२ | ०.०२८ |
| कल्टार, दर मिलीला | ३.० | −३.२ ते ९.१ | ०.१८ | ०.६० | ०.००६ |
| फवारणी, दर एकीला | १२.२ | २.९ ते २१.५ | ०.२३ | ०.४० | ०.०४८ |

शेवटचा रकाना सॉफ्टवेअर बहुधा आपणहून देत नाही, पण तो काढणं सोपं आहे. त्या घटकाच्या टी-व्हॅल्यूचा (सहगुणक भागिले त्याची प्रमाण चूक) वर्ग घ्यायचा, त्याला एक वजा आर-स्क्वेअरने गुणायचं आणि शिल्लक स्वातंत्र्यमात्रांनी (बागांची संख्या वजा मॉडेलने काढलेले आकडे, इथे ८४ वजा ४) भागायचं. फवारणीची टी-व्हॅल्यू २.६१, शिल्लक स्वातंत्र्यमात्रा ८०, म्हणून ६.८१ गुणिले ०.५५९ भागिले ८०, म्हणजे ०.०४८. बाकीचे दोन घटक मॉडेलमध्ये आधीच असताना हा तिसरा शेवटी आणून बसवला, तर आर-स्क्वेअर किती वाढतो, याचं हे माप.

आता क्रम लावून पाहा. साध्या सहसंबंधाने विस्तार पहिला, कल्टार त्याच्या अगदी पाठोपाठ, फवारणी बरीच मागे. बीटाने विस्तार पहिला, फवारणी दुसरी, कल्टार शेवटी. स्वतःच्या भरीने फवारणी पहिली, विस्तार दुसरा, कल्टार जवळपास शून्य. तक्ता एकच, बागा त्याच, तरी क्रम तीन. विद्यार्थिनीने साहजिकच मला विचारलं, “मॅडम, यातला खरा कुठला?”

तिन्ही खरे आहेत, कारण प्रत्येक माप वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देतं. मला अधिक मोलाची वाटली ती दुसरीच गोष्ट: शेवटच्या रकान्यातल्या तीन आकड्यांची बेरीज फक्त ०.०८ होते, आणि आर-स्क्वेअर तर ०.४४ आहे. उरलेला ०.३६ कोणाचाच एकट्याचा नाही. तो सामायिक आहे, आणि त्यातला बहुतेक भाग विस्तार आणि कल्टार यांच्यात अडकलेला आहे. या दोघांचा एकमेकांशी सहसंबंध ०.९० आहे. सॉफ्टवेअरने दोघांपुढे व्हीआयएफ (एक घटक बाकीच्यांशी किती गुंतलेला आहे याचं माप) ५.३ दाखवला, तेव्हा विद्यार्थिनीच्या मनात पहिला विचार आला तो एक चल, म्हणजे एक घटक, वगळण्याचा. तसं करण्याआधी हे दोन घटक इतके चिकटलेले का आहेत, हे बागेत जाऊन समजून घेणं भाग होतं.

मात्रा विस्तारावरूनच ठरते

कल्टार म्हणजे पॅक्लोब्युट्राझोल. झाडातल्या जिबरेलिनची निर्मिती ते रोखतं. पालवीचा जोर कमी होतो आणि कलम मोहोराकडे वळतं. वर्षाआड फळणाऱ्या हापूसकडून दरवर्षी पीक घेण्यासाठी कोकणात त्याचा वापर रुजला. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची शिफारस कलमाच्या विस्तारानुसार आहे: व्यासाच्या दर मीटरला ३ मिली कल्टार, म्हणजे ०.७५ ग्रॅम क्रियाशील घटक. पावसाळ्यात, साधारण जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत ते जमिनीतून देतात.

प्रत्यक्षात हे कसं होतं तेही पाहू. टेप घेऊन दोन माणसं कलमाखाली जातात. पूर्व-पश्चिम एक माप, दक्षिण-उत्तर दुसरं, दोन्हींची सरासरी. आठ मीटर आलं तर २४ मिली. ते पाण्यात मिसळायचं, बुंध्याभोवती विस्ताराच्या साधारण निम्म्या अंतरावर पहारीने गोलाकार भोकं पाडायची, प्रत्येकात थोडं थोडं ओतून माती लोटायची. कातळावरच्या बागेत पहार दर ठिकाणी बसत नाही, मग भोक जिथे पडेल तिथे. पन्नास-साठ कलमं झाली आणि पाऊस अंगावर आला की टेप बाजूला राहते. नजरेने अंदाज घेतात, बाटलीच्या झाकणाने माप घेतात.

सगळ्या बागायतदारांनी शिफारस काटेकोर पाळली असती, तर मात्रा आणि विस्तार यांचा सहसंबंध बरोबर १ आला असता आणि रिग्रेशन चाललंच नसतं. “विस्तार तेवढाच ठेवून कल्टार एक मिलीने वाढवलं तर” या वाक्याला अर्थ देणारी एकही बाग माहितीत सापडली नसती. मॉडेल चाललं ते केवळ काही बागांनी शिफारशीपेक्षा कमी किंवा जास्त दिलं म्हणून. कल्टारच्या मात्रेचं एकूण प्रमाण विचलन ५ मिली. त्यातून विस्ताराने ठरलेला भाग काढून टाकला की उरतं २.२ मिली. कल्टारचा ३.० हा सहगुणक उभा आहे तो या २.२ मिलीच्या मागेपुढे होण्यावर. झाकणाने घेतलेल्या मापातली चूक सहज तेवढी असू शकते, आणि मापातल्या अशा चुकीने सहगुणक साधारणपणे शून्याकडे ओढला जातो. म्हणून सॉफ्टवेअरने कल्टारपुढे केलेली “सार्थ नाही” (अंतरालात शून्यही बसतं) ही खूण पाहून कल्टारचा परिणाम नाही असं म्हणणं म्हणजे माहितीच्या तोंडी नसलेला शब्द घालणं. अंतराल −३.२ ते ९.१ आहे. याचा सरळ अर्थ: या बागांवरून सांगता येत नाही.

आणखी एक. शिफारशीपासून कोण हटतं? थोड्या वर्षांच्या करारावर बाग घेतलेला माणूस आपल्या काळात जास्तीत जास्त पीक काढायला बघतो आणि मात्रा वाढवतो, ही कोकणातली जुनी तक्रार आहे. तोच माणूस राखण, काढणी आणि विक्रीही वेगळ्या पद्धतीने करतो. म्हणजे जास्त मात्रेचा परिणाम आणि करारदाराच्या व्यवस्थेचा परिणाम या माहितीत एकत्र मिसळलेले आहेत. करारावरची बाग की घरची, हा रकाना माहितीत असायला हवा होता.

तीच माहिती, मात्रा वेगळ्या शब्दांत

मग आम्ही एकच बदल केला. कल्टारच्या एकूण मात्रेऐवजी शिफारशीपासूनचा फरक लिहिला: दिलेले मिली वजा तीन गुणिले विस्तार. आठ मीटरच्या कलमाला २४ ऐवजी २७ मिली दिलं असेल तर फरक अधिक ३. २० दिलं असेल तर वजा ४. एकही बाग बदलली नाही, एकही आकडा नव्याने गोळा केला नाही. गणिताच्या दृष्टीने मॉडेलही तेच आहे: प्रत्येक बागेचा अंदाज दशांशापर्यंत तोच, आर-स्क्वेअर तोच.

बदल झाला तो विस्ताराच्या ओळीत. त्याचा सहगुणक २०.५ वरून २९.४ फळांवर गेला आणि अंतराल २०.१ ते ३८.७ इतकं आवळलं. आर-स्क्वेअरमधली त्याची स्वतःची भर ०.०२८ होती, ती ०.२७६ झाली. जवळपास दसपट.

याचं कारण “बाकी सगळं तेवढंच ठेवून” या शब्दांचा अर्थ बदलला. पहिल्या मॉडेलमध्ये आपण विचारत होतो: दोन बागांमधल्या कलमांना कल्टार सारखंच २२ मिली दिलंय, पण एकीची कलमं मीटरभर मोठी आहेत, फळांत किती फरक? म्हणजे मोठ्या कलमाला त्याच्या मानाने कमी कल्टार मिळालेलं आहे. ही तुलना बागेत क्वचितच घडते. दुसऱ्या मॉडेलमध्ये प्रश्न असा आहे: दोन्ही बागा शिफारशीला सारख्याच धरून आहेत, एकीची कलमं मीटरभर मोठी आहेत आणि त्या मानाने त्यांना तीन मिली जास्त मिळालंय, आता फरक किती? ही तुलना बागायतदार रोज करतात. गणितही साधं आहे: २०.५ अधिक तीन गुणिले २.९६, म्हणजे २९.४.

कल्टारच्या ओळीत दर मिलीला ३.० फळं आणि अंतराल −३.२ ते ९.१, हे दोन्ही जसेच्या तसे राहिले. पण त्याचा बीटा ०.१८ वरून ०.०८ वर आला! फळांवरचा परिणाम रतीभर बदलला नाही तरी बीटा निम्म्याहून कमी झाला, कारण बीटा काढताना सहगुणकाला त्या चलाच्या प्रमाण विचलनाने गुणतात, आणि एकूण मात्रेचं विचलन ५ असलं तरी फरकाचं फक्त २.२ आहे. व्हीआयएफही ५.३ वरून १ वर उतरला, तरी अनिश्चितता तसूभरही कमी झाली नाही. व्हीआयएफ कमी झाला म्हणजे दुखणं बरं झालं, असं पुष्कळ प्रबंधांत लिहिलेलं असतं. इथे समोर दिसतं की कल्टारबद्दल आपल्याजवळ जेवढी माहिती होती तेवढीच राहिली.

मानसशास्त्रज्ञ जेकब कोहेन यांनी आपल्या संख्याशास्त्रावरच्या पुस्तकाच्या १९८८ च्या आवृत्तीत एफ-स्क्वेअरसाठी तीन खुणा दिल्या: ०.०२ लहान, ०.१५ मध्यम, ०.३५ मोठा. एफ-स्क्वेअर म्हणजे घटकाची स्वतःची भर भागिले न टिपलेला हिस्सा. पहिल्या मॉडेलमध्ये विस्ताराचा एफ-स्क्वेअर ०.०५, म्हणजे “लहान”. दुसऱ्यात ०.४९, म्हणजे “मोठा”. बागा त्याच, कलमं तीच, फळं तीच. आकाराचं हे लेबल विस्ताराला चिकटलेलं नाही. त्याच्या शेजारी कोणते चल, कोणत्या रूपात बसवले यावर ते ठरतं. कोहेन यांनी स्वतःच बजावलं होतं की त्या विषयातला अधिक चांगला आधार नसेल तेव्हाच या खुणा वापराव्यात. हापूसच्या बाबतीत चांगला आधार आहे: फळं, डझन, पेटी.

बीटावर का विसंबू नये

बीटा आवडतो कारण त्यात मीटर, मिली आणि फवारण्या एकाच पट्टीवर आल्यासारख्या वाटतात. पण ती पट्टी माहितीतल्या विखुरणीची आहे. समजा हाच अभ्यास राजापुरातल्या, वेळापत्रक काटेकोर पाळणाऱ्या बागांमध्ये केला आणि तिथे फवारण्यांचं प्रमाण विचलन १.५ ऐवजी ०.५ निघालं. एका फवारणीचा परिणाम तोच १२ फळांचा असला तरी बीटा सुमारे एक-तृतीयांशावर येईल. मग कोणीतरी लिहील की राजापुरात फवारणीचं महत्त्व कमी आणि देवगडात जास्त. खरा फरक एवढाच की एकीकडे सगळे सारखं फवारतात आणि दुसरीकडे प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. सँडर ग्रीनलंड आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये रोगपरिस्थितिशास्त्राच्या (रोगांच्या प्रसाराच्या अभ्यासाच्या) नियतकालिकात हीच हरकत घेतली होती: प्रमाणित सहगुणक परिणामाचं माप म्हणून वापरले की परिणाम आणि नमुन्याची विखुरण एकमेकांत मिसळतात. लेख जुना आहे, तरी प्रबंधांत बीटाचा रकाना अजून क्रमवारीसाठीच वापरला जातो.

सामायिक ०.३६ ची वाटणी करण्याच्या पद्धतीही आहेत. त्यातली एक अशी: चल मॉडेलमध्ये शक्य त्या प्रत्येक क्रमाने आणायचे, दर वेळी होणारी भर नोंदवायची आणि सरासरी काढायची. लिंडेमन, मेरेंडा आणि गोल्ड यांनी १९८० मध्ये ती मांडली, बुडेस्कू यांनी १९९३ मध्ये वर्चस्व-विश्लेषण म्हणून तिला वेगळं रूप दिलं, आणि मुळात तिचं गणित लॉइड शॅप्ली यांच्या १९५३ च्या खेळ-सिद्धांतातल्या वाटणीशी जुळतं. पहिल्या मॉडेलवर ती चालवली तर विस्ताराला ०.१९, कल्टारला ०.१७ आणि फवारणीला ०.०९ मिळतात; हे आकडे दोन दशांशांपर्यंत आणण्याआधी त्यांची बेरीज आर-स्क्वेअरएवढीच, ०.४४, होते. मार्गदर्शकांची एक ओळ हवीच असेल तर हा आकडा बीटापेक्षा प्रामाणिक आहे. पण ही वाटणी आहे, शोध नव्हे. विस्तार आणि कल्टार यांच्यात अडकलेला भाग खरोखर कोणामुळे होता, हे पद्धतीला कळत नाही. ती दोघांना जवळपास सारखं वाटून मोकळी होते. काकांना तर तिचा काहीच उपयोग नाही. विस्तार हा या हंगामात त्यांच्या हातात नाही. तो पहिला आला काय आणि तिसरा आला काय, जुलैमध्ये त्यांना कलमं मोठी करता येणार नाहीत.

फवारणीची ओळ

हातात असलेल्या दोन गोष्टींपैकी फवारणीबद्दल ही माहिती काहीतरी सांगते. दर फवारणीमागे कलमाला १२ फळं, म्हणजे साधारण एक डझन. अंतराल ३ ते २१. दहा बाय दहा मीटरवर लावलेल्या बागेत हेक्टरी १०० कलमं बसतात, तेव्हा मधला अंदाज हेक्टरी १०० डझनांचा होतो. “बीटा ०.२३” ऐकून काका नुसती मान हलवतील. “एका फवारणीमागे कलमाला तीनपासून एकवीसपर्यंत फळं” असं सांगितलं तर ते लगेच बोटांवर हिशेब मांडतील: औषध, पंपाचं पेट्रोल, गड्यांची मजुरी मिळून कलमामागे फवारणीला किती पडतात, आणि तेवढ्या पैशांची फळं किती. खर्च दोन फळांत निघत असेल तर अख्खं अंतराल फायद्याच्या बाजूला आहे. दहा फळं लागत असतील तर अंतराल दोन्ही बाजूंना पसरलंय आणि निर्णय डळमळीत आहे. परिणामाचा आकार मोठा की लहान, हे असं ठरतं.

तरी हे बारा फळांचं वाक्य जपून उच्चारायला हवं. ज्यांच्याकडे भांडवल आहे तेच जास्त फवारतात आणि खतही वेळेवर घालतात. तसं असेल तर १२ मधली काही फळं खताची आहेत. उलटही घडतं. डिसेंबर-जानेवारीत थंडी लांबली, मोहोर पुन्हा आला, तुडतुडे आणि फुलकिडे वाढले की फवारण्या वाढतात. म्हणजे जिथे नुकसान जास्त तिथेच फवारणी जास्त, आणि मग खरा परिणाम १२ पेक्षा मोठा असू शकतो. शिवाय रेषा सरळ धरलेली आहे. चौथ्यावरून पाचव्या फवारणीवर जाणं आणि नवव्यावरून दहाव्यावर जाणं यात मॉडेल फरक करत नाही, बाग मात्र करते. बहुतेक बागा चार ते आठ फवारण्यांमध्ये होत्या. त्यापलीकडे हा आकडा नेऊ नये.

विस्तार मॉडेलमध्ये असावा का?

या प्रश्नावर आमचा सगळ्यांत जास्त वेळ गेला. कल्टार पालवी रोखतं, म्हणून वर्षानुवर्षं कल्टार घेतलेल्या कलमाचा विस्तार न घेतलेल्यापेक्षा कमी राहतो. म्हणजे आज मोजलेला विस्तार काही अंशी मागच्या वर्षांच्या कल्टारचाच परिणाम आहे. कल्टारचा दीर्घकाळचा, एकूण परिणाम हवा असेल तर विस्तार “तेवढाच ठेवून” आपण त्या परिणामाचा एक तुकडा कापून टाकतो. यंदाच्या मात्रेचा यंदाच्या पिकावरचा परिणाम हवा असेल तर मात्र विस्तार धरलाच पाहिजे, कारण मात्रा त्याच्यावरूनच ठरली.

डॅनियल वेस्ट्राइक आणि ग्रीनलंड यांनी २०१३ मध्ये “दुसऱ्या तक्त्याची चूक” या नावाने जे दाखवलं ते इथे तंतोतंत लागू पडतं. एकाच मॉडेलमधले सगळे सहगुणक एकाच जातीचे परिणाम म्हणून वाचता येत नाहीत. मॉडेल एका प्रश्नासाठी बांधलेलं असतं. त्या प्रश्नातल्या चलाचा सहगुणक हा परिणाम म्हणून वाचावा, बाकीचे चल त्या तुलनेला आधार द्यायला तिथे आलेले असतात. आपल्या तक्त्यात तीन ओळी सारख्याच टाईपात एकाखाली एक छापलेल्या असतात, म्हणून त्या एकमेकींशी स्पर्धा करतायत असं वाटतं.

प्रबंधात शेवटी काय गेलं

मुख्य तक्त्यात दुसरं मॉडेल आलं, शिफारशीपासूनच्या फरकाचं. प्रत्येक ओळीत फळांमधला सहगुणक, त्याचं अंतराल आणि आर-स्क्वेअरमधली स्वतःची भर. बीटाचा रकाना परिशिष्टात गेला, सोबत प्रत्येक चलाचं प्रमाण विचलन, म्हणजे ज्याला हवं त्याला हिशेब करता येईल. पहिलं मॉडेलही परिशिष्टात ठेवलं आणि विस्ताराचा सहगुणक दोन्हींत वेगळा का, ते चार ओळींत लिहिलं. एफ-स्क्वेअरची लहान-मध्यम-मोठा ही लेबलं काढून टाकली.

निष्कर्षाचा परिच्छेद असा झाला:

“शिफारशीला सारख्याच धरून असलेल्या बागांमध्ये विस्तार एक मीटरने जास्त असेल तर कलमामागे सरासरी २९ फळं जास्त आढळली (२० ते ३९). विस्तार आणि फवारण्या सारख्या असताना शिफारशीपेक्षा जास्त दिलेल्या कल्टारच्या दर मिलीमागे ३ फळांचा फरक दिसला, परंतु अंतराल (३ फळं घट ते ९ फळं वाढ) पाहता मात्रा वाढवावी किंवा कमी करावी असं या माहितीवरून सांगता येत नाही. चार ते आठ फवारण्यांच्या टप्प्यात दर फवारणीमागे १२ फळं जास्त आढळली (३ ते २१). भांडवल, खत आणि किडींचा प्रादुर्भाव यांची नोंद नसल्याने हा आकडा पूर्णपणे फवारणीचा मानू नये. तीन घटकांनी टिपलेल्या ४४ टक्के चढउतारांपैकी मोठा भाग विस्तार आणि मात्रा यांच्यात सामायिक असल्याने घटकांची महत्त्वानुसार क्रमवारी दिलेली नाही.”

शेवटच्या वाक्यावर मार्गदर्शकांनी हरकत घेतली. क्रमवारी नसेल तर निष्कर्ष अपुरा वाटतो, असं त्यांचं म्हणणं. विद्यार्थिनीने त्यांच्यापुढे दोन्ही मॉडेलं शेजारी ठेवली आणि विस्ताराच्या ओळीवर बोट ठेवलं: स्वतःची भर एकीकडे ०.०२८, दुसरीकडे ०.२७६, अंदाज मात्र प्रत्येक बागेचे तेच. वाक्य राहिलं.

काकांना तिने सांगितलं ते असं: कल्टार शिफारशीप्रमाणेच द्या, टेपने मोजून आणि मापाच्या भांड्याने, फवारणी वाढवायची असेल तर आधी कलमामागचा खर्च काढा आणि तो तीन फळांत भागतो का ते पाहा. पुढच्या हंगामासाठी नोंदवहीत चार रकाने वाढले: बाग घरची की करारावर, मागच्या वर्षी पीक होतं की नाही, खत कधी घातलं, आणि कल्टार कशाने मोजलं. काही बागायतदार एकाच बागेतल्या सारख्या विस्ताराच्या कलमांना चिठ्ठ्या टाकून दर मीटरला २, ३ आणि ४ मिली देऊन बघायला तयार झाले आहेत. तसं झालं तर मात्रा आणि विस्तार पहिल्यांदाच एकमेकांपासून सुटतील, आणि काकांच्या प्रश्नातल्या कल्टारच्या अर्ध्या भागाला आकड्यात उत्तर देता येईल.